८५ हजारांचा 'सेरिग्राफ' आणि अप्पांचं भिंग

मागच्या वर्षी जुलैमध्ये पुण्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये तीन दिवसांचं चित्रप्रदर्शन लागलं होतं. तिथून आम्ही चित्रकार सय्यद हैदर रझांचा 'सेरिग्राफ', म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगने छापलेली चित्राची मोजक्या प्रतींतली एक प्रत, घेतला, ८५ हजारांना. लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती आणि रझांच्या चित्रांतलं काळं वर्तुळ, त्यांचा बिंदू, आम्हा दोघांच्याही जिवाभावाचा. त्यांचे कॅनव्हास कोटींत जातात, तिकडे आपण बघायचंही नाही. सेरिग्राफ मात्र साठवलेल्या पैशांत बसत होता.

तो सेरिग्राफ नव्हताच.

खरं तर ही कला मी लहानपणापासून पाहिली आहे. मिरजेत अप्पांचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं, लग्नपत्रिकांचं. लाकडी फ्रेमवर ताणलेली जाळी, तिच्यावर इमल्शनचा हात, वर डिझाईनची फिल्म ठेवून उन्हात धरायची आणि मग पाण्याने धुवायची. ऊन लागलं तिथलं इमल्शन घट्ट होतं, झाकलेलं वाहून जातं, आणि त्या मोकळ्या जाळीतून स्क्विजीने, म्हणजे रबरी पट्टीने, शाई खाली ओढायची. एका रंगाला एक स्क्रीन. लाल गणपती आणि सोनेरी अक्षरं, म्हणजे दोन स्क्रीन, दोनदा छपाई, आणि दुसरा रंग केसाइतकाही सरकला तरी पत्रिका बाद. चित्रकाराचा सेरिग्राफ होतो तो याच रीतीने, फक्त तिथे वीस-तीस रंग असतात, म्हणजे तितके स्क्रीन आणि तितक्याच वेळा तोच कागद नेमक्या जागी बसवणं. एडिशन, म्हणजे ठरवलेल्या सगळ्या प्रती, पूर्ण झाली की स्क्रीन पुसून टाकतात. किंमत असते ती या कष्टांची आणि मोजक्या प्रतींची.

विक्रेता अतिशय गोड बोलणारा. "मॅडम, सेरिग्राफ म्हणजे ओरिजिनलच समजा. शंभरातली ही शेवटची." खाली डावीकडे ४७/१००, म्हणजे शंभरातली सत्तेचाळिसावी प्रत, आणि उजवीकडे सही. मी फ्रेम उघडून दाखवा म्हटलं, तर म्हणाला, "हवा लागली की कागद पिवळा पडतो, सील तोडू नका." मला ते पटलं. इथेच मी थांबायला हवं होतं. सुती कागदावरची चांगली छपाई पाच मिनिटं फ्रेमबाहेर काढल्याने खराब होत नाही. जो काचेबाहेर काढून दाखवत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

दिवाळीला अप्पा आले. भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "बाळ, हे जरा खाली काढ बघू." मागचा पुठ्ठा सोडवला, कागद बाहेर काढला. त्यांनी आधी खिडकीपाशी तो तिरका धरला, मग एका कोपऱ्यावरून अंगठा अलगद फिरवला.

"ह्यावर स्क्विजी फिरलेलीच नाही."

त्यांचं छपाईचं भिंग अजून त्यांच्या पिशवीत असतं. त्यातून मी लाल पट्टा पाहिला. स्क्रीनने छापलेला लाल म्हणजे एकच लाल शाई, सपाट, कडेला किंचित जाडी असलेली. इथे लाल नव्हताच, गुलाबी आणि पिवळ्या ठिपक्यांची बारीक फवारणी होती. इंकजेट, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रिंटरने काढलेली छपाई. बिंदूच्या काळ्यातही निळे ठिपके. (फोटोवरून केलेल्या सेरिग्राफमध्येही ठिपके दिसू शकतात. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलच्या छपाईत दिसतात. पण तिथे प्रत्येक ठिपका त्या-त्या शाईचा भरीव असतो, चार रंगांची भेसळ नसते.) मग भिंग सहीवर नेलं. पेन्सिलची म्हणून दाखवलेली सहीसुद्धा ठिपक्यांचीच होती. माझ्या हातापायातलं बळच गेलं.

प्रमाणपत्र तेव्हा नीट वाचलं. 'कलाकाराने स्वहस्ते स्वाक्षरी केलेली आवृत्ती, २०१७.' रझा २३ जुलै २०१६ रोजी गेले. कलाकार गेल्यावर छापलेल्या प्रतींवर वारसांचा किंवा संस्थेचा शिक्का असू शकतो, त्याची स्वतःची सही कशी असेल? आणि बिलावर सेरिग्राफ हा शब्दच नाही, नुसतं 'डेकोरेटिव्ह प्रिंट विथ फ्रेम'. दोन कागद दोन गोष्टी सांगत होते आणि मी एकही वाचला नव्हता. पैसे देण्याआधी बिलावरच तंत्र, एडिशनचा आकडा, वर्ष आणि छापणाऱ्या स्टुडिओचं नाव लिहून मागा. इंकजेट प्रिंटमध्ये वाईट काही नाही, पण ती इंकजेट म्हणून आणि इंकजेटच्याच किमतीला विकली पाहिजे.

विक्रेत्याचा फोन बंद आहे. आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पैसे बँकेतून गेले होते म्हणून पुरावा तरी हातात आहे. तो कागद पुरावा म्हणून पुठ्ठ्यात गुंडाळून कपाटावर ठेवलाय. त्या तीन दिवसांत तिथून कुणी काही घेतलं असेल, तर फ्रेम उघडून भिंगातून बघा, आणि बिल व प्रमाणपत्र दोन्ही जपून ठेवा.