रॅम्पवाली गाडी सांगून माझ्याकडून १०,३०० रुपये उकळले

व्हीलचेअरसकट बसता येईल अशी भाड्याची गाडी शोधत असाल, तर हे आधी वाचा आणि मगच पैसे पाठवा.

मावसबहिणीच्या मुलीचं लग्न कोल्हापूरला होतं. माझी खुर्ची बॅटरीची आहे. तिची घडी होत नाही आणि ती एका माणसाला उचलत नाही. मला एक वेळ कोणी उचलून सीटवर बसवेल, पण खुर्ची ठेवायची कुठे? सीएनजी गाडीची अर्धी डिकी सिलिंडरनेच भरलेली असते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. कॅरिअरला बांधून ही खुर्ची नेता येत नाही.

म्हणून नेटवर शोधलं. पुण्याहून बाहेरगावी, मागून रॅम्प, खुर्ची बांधायचे पट्टे, सोबत मदतनीस, अशी जाहिरात सापडली. फोनवरच्या माणसाने पहिल्याच मिनिटाला विचारलं, "ताई, खुर्चीची रुंदी किती आहे?" आजवर एकाही गाडीवाल्याने मला हे विचारलेलं नाही. बाकीचे सगळे "चालता येतं का थोडं?" इथूनच सुरुवात करतात. ज्याला रुंदी विचारायचं सुचतं त्याच्याकडे रॅम्प असणारच, असं कोणालाही वाटलं असतं.

जाऊन-येऊन ११,५०० रुपये ठरले. बुकिंगचे ५,००० लगेच दिले. मग रॅम्पची अनामत म्हणून ३,५०० मागितले, ते परत मिळणार होते. आदल्या रात्री "कोल्हापूर जिल्ह्याचं परमिट काढावं लागतंय" म्हणून आणखी १,८००. एकूण १०,३००. टुरिस्ट टॅक्सीला राज्यातल्या राज्यात जिल्हा ओलांडायला वेगळं परमिट लागत नाही, हे नंतर एका जुन्या चालकाने सांगितलं. कोणी असं परमिट मागितलं तर तिथेच फोन ठेवा.

आणि तो फोटो! त्याने गाडीचा फोटो पाठवला होता. मागचं दार उघडं, रॅम्प जमिनीला टेकलेला, आत प्रशस्त जागा. त्या गाडीचं स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं. डाव्या! ती परदेशातली गाडी होती, कुठूनतरी उचललेला फोटो. मी तो घरातल्या सगळ्यांना दाखवला, मोठा करून पट्टे मोजले, आणि एकालाही स्टिअरिंग दिसलं नाही. आता तो फोटो उघडला की दुसरं काही दिसतच नाही. पण ज्याने वर्षानुवर्षं लग्नं, बारशी, अंत्यदर्शनं गाडीअभावी चुकवली आहेत, त्याची नजर रॅम्पवरच खिळणार.

गाडीचा नंबर मी मागितला होता. "गाडी रात्री अलॉट होते, ताई." हे तर सगळेच ऑपरेटर म्हणतात, खरेसुद्धा. तरी नंबर मिळेपर्यंत बुकिंगपलीकडे एक रुपया देऊ नका. नंबर हातात आला की एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाका, गाडीची नोंदणी दिसते. यूपीआयवर पैसे पाठवताना समोर फर्मचं नाव न येता कोणा भलत्याच व्यक्तीचं नाव आलं, तर थांबा. माझ्या वेळी तसंच आलं होतं, आणि "अकाउंटंटचं खातं आहे" हे उत्तर तयार होतं.

सकाळी दारात आली ती छोटी हॅचबॅक. पांढरी नंबरप्लेट, काळी अक्षरं, म्हणजे खाजगी गाडी. चालकाला रॅम्पचा पत्ताच नव्हता. त्याला फक्त "एक पेशंट ताई सोडायच्या" एवढं सांगितलं होतं. खुर्ची बघून तो म्हणाला, उचलायचे २,००० वेगळे, आणि ती बसली नाही तर जबाबदारी माझी नाही. फोनवरचा गोड माणूस तोवर बंद झाला होता. लग्न मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं.

पांढऱ्या प्लेटच्या गाडीत भाड्याने कधीही बसू नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. परवान्याशिवाय भाडं मारणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ नुसार गुन्हा आहे. पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

कायद्यात आहे हो सगळं. पोलीस ठाण्यात गेले, तर तीन पायऱ्या चढून आत. तक्रार बाहेर येऊन घ्या म्हटलं, तर "घरच्या कोणाला पाठवा." भाऊ आत गेला, त्याला सांगितलं की हा व्यवहाराचा वाद आहे, गाडी तर आली होती ना? परिवहन कार्यालयात म्हणाले, गाडीचा नंबर आहे पण बुकिंग घेणाऱ्याचा परवाना आमच्याकडे नाही, तर कारवाई कोणावर करणार? मग तो परवान्याशिवाय धंदा करतो हीच तक्रार नाही का? रॅम्पच्या गाड्यांची यादी द्या म्हटलं, तर अशी यादी नसते. इथेच सगळ्या फसवणुकीचं मूळ आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याचं कलम ४१ सरकारला वाहतूक सुगम करायला सांगतं, परवडणाऱ्या खर्चात गाड्यांमध्ये बदल करून देण्याच्या योजनाही सुचवतं. पण कोणती भाड्याची गाडी खरंच सुगम आहे हे तपासून नोंदवणारं खिडकीवर कोणी भेटत नाही. मग जो उठतो तो "व्हीलचेअर कॅब" लिहितो.

ब्रिटनमध्ये २०२२ च्या कायद्यानंतर स्थानिक प्रशासनाला व्हीलचेअर-योग्य टॅक्सींची यादी ठेवावीच लागते. यादीतल्या चालकाने खुर्चीचे जादा पैसे मागितले तर १,००० पौंडांपर्यंत दंड. आपल्याकडे चालक २,००० मागतो आणि कार्यालय म्हणतं, नेता आलं असतं तर नेलंच असतं.

पैसे गेल्याचं लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तासभरही थांबू नका. मी आधी त्या माणसालाच फोन लावत बसले, कारण तोवर गाडी बिघडली असेल असंच वाटत होतं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. माझी तयार होते आहे. डाव्या स्टिअरिंगचा तोच फोटो तुम्हालाही आला असेल, तर चॅट पुसू नका, पैसे गेल्याची नोंद जपून ठेवा आणि आपापल्या जिल्ह्यात तक्रार करा. एकट्या माझ्या १०,३०० रुपयांना ते व्यवहाराचा वाद म्हणतात.