मॉरिशसची सहल : दादरच्या एका पर्यटन संस्थेचा अनुभव

शामारेलची सप्तरंगी माती, गंगा तलाव आणि पांप्लमूसच्या उद्यानातील परातीएवढ्या पानांची कमळे या संस्थेने निवांतपणे दाखवली. मात्र १८३४ ते १९२० या काळात भारतातून आलेले सुमारे पाच लाख करारबद्ध मजूर पोर्ट लुई येथे ज्या ठिकाणी उतरले आणि ज्याला २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तो आप्रवासी घाट घाईघाईने उरकून उरलेला वेळ खरेदीकडे वळवला, हे खटकले. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी देणाऱ्या या देशातील मराठी वस्तीचा तर कार्यक्रमात उल्लेखही नव्हता; मुंबईहून निघणाऱ्या सहलीत तो असायलाच हवा होता. जेवण उत्तम, स्थानिक ढोल पुरी (डाळ भरलेली पातळ पोळी) मात्र आग्रहाने मागावी लागली.