वापरलेली यामाहा आर६ घ्यायची, तर कोणत्या सालची?

जितकं साल नवं तितकी गाडी चांगली, हा हिशोब यामाहाच्या आर६ या स्पोर्ट्स बाइकला लावू नका. सगळ्या पिढ्यांत इंजिन ५९९ सीसीचं, चार सिलिंडरचंच आहे. पण यामाहाने त्याची ताकद हळूहळू वरच्या आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) नेली. म्हणून गाडी कुठे चालवणार, हे आधी ठरवा.

१९९९ची पहिली आर६ कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण यांत्रिक पद्धतीने करणारी. चारही कार्बोरेटर नीट जुळवणारा मेकॅनिक हाताशी असेल तरच तिच्या वाटेला जा. २००३मध्ये फ्युएल इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, आली. त्या पिढीतलं २००५ हे साल मला सगळ्यात जास्त आवडतं. त्यात पुढे उलटे फोर्क (जाड नळी वर असलेलं पुढचं सस्पेन्शन), रेडियल कॅलिपर (जास्त मजबूत बसवलेले ब्रेक) आणि ६०ऐवजी ७० प्रोफाइलचा, म्हणजे जरा उंच कडेचा टायर मिळतो, आणि रस्त्यावर ती नंतरच्या गाड्यांपेक्षा जास्त समजूतदार वागते.

खरा बदल २००६चा. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६५.५वरून ६७ मिमी, स्ट्रोक ४४.५वरून ४२.५ मिमी झाला. स्ट्रोक आखूड, म्हणजे पिस्टनचा प्रवास कमी, म्हणून इंजिन आणखी वर फिरतं. जोडीला राइड-बाय-वायर (इलेक्ट्रॉनिक) थ्रॉटल आणि झटक्यात गिअर पाडताना मागचं चाक घसरू न देणारा स्लिपर क्लच. रेस ट्रॅकवर ही गाडी वेड लावते, पण गर्दीत खालच्या आरपीएमला जीव नसतो आणि सारखे गिअर पाडावे लागतात. मीटरवरच्या १७,५००च्या रेडलाइनला (इंजिनच्या कमाल आरपीएमच्या खुणेला) भुलू नका. मीटर जास्त दाखवतो, हे यामाहानेच तेव्हा मान्य केलं होतं.

२००६ आणि २००८ शेजारी उभ्या असतील तर बिनदिक्कत २००८ घ्या. इनटेक फनेलची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची) लांबी आरपीएमप्रमाणे बदलू लागली, कम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १२.८वरून १३.१ झालं आणि मधल्या आरपीएमची पोकळी थोडी भरली.

२०१७च्या गाडीत इंजिन मुळात तेच. वाढीव पैसे जातात ते एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरून फिरू न देणारी यंत्रणा), यामाहाच्याच मोठ्या आर१चे ४३ मिमी फोर्क आणि ३२० मिमी ब्रेक डिस्कसाठी. पावसात चालवणार असाल तर ते पैसे जरूर घाला, एबीएसवर काटकसर करू नका. निव्वळ ट्रॅकसाठी मात्र २००८ ते २०१६मधली घ्या आणि उरलेले पैसे टायर-सस्पेन्शनवर लावा.

यातल्या बऱ्याच गाड्या ट्रॅकवर पडलेल्या असतात. फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिकचं कवच) नवी दिसली तरी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून फ्रेमवरचे स्टिअरिंग स्टॉप (हँडल जिथे अडतं ते उंचवटे) बघा. ते चेपलेले किंवा तुटलेले असतील, तर भाव कितीही उतरला तरी सौदा सोडा.