एम.कॉम. जोडून सीपीए की थेट सीए? बेळगावकडच्या बी.कॉम.वाल्यांसाठी

हल्ली बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मुलं विचारतात, बी.कॉम. झालं, आता एम.कॉम. करून अमेरिकेचं सीपीए (सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट, म्हणजे तिकडचा सीएच म्हणा) करू की सरळ सीएला बसू? दोन्ही दारं मी वाजवून पाहिली आहेत. एम.कॉम. झालं आणि सीपीएसाठी चौकशीही बरीच पुढे गेली होती. सध्या मात्र टिळकवाडीत एका सीएंकडे माझी आर्टिकलशिप (सीए व्हायला लागणारं हाताखालचं सक्तीचं प्रशिक्षण) संपत आली आहे. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपून राहणार नाही, तेवढं गृहीत धरून वाचा.

परीक्षेपुरतं बोलायचं तर सीपीए माणसाला जरा दयाळू वाटतं. २०२४ पासून तीन मुख्य विषय आणि एक निवडीचा असे चार पेपर आहेत. एकेक पेपर आपल्या सोयीने द्यायचा आणि ७५ गुण मिळवायचे. पहिला पेपर सुटल्यावर बाकीचे संपवायला पूर्वी १८ महिने मिळायचे, आता अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ३० मिळतात. सीएचा हिशेब कडक आहे. प्रत्येक पेपरला ४० हवेत, शिवाय ग्रुपची, म्हणजे एकत्र धरलेल्या पेपरांच्या गटाची, सरासरी ५० हवी. म्हणजे सगळे पेपर सुटूनही ग्रुप राहतो. असे चार-पाच जण आमच्या अभ्यासिकेतच सापडतील. २०२५ मध्ये सीएच्या सगळ्या टप्प्यांच्या परीक्षा वर्षातून तीनदा होऊ लागल्या, हा एक दिलासा म्हणायचा. आणखी एक म्हणजे सीएचं केंद्र बेळगावातच आहे. सीपीएला बेंगळूरु नाहीतर मुंबई गाठावी लागते. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये रात्र काढून सकाळी चार तासांचा पेपर द्यायचा, हे ज्याला जमतं त्याला जमतं.

पण माझा निर्णय परीक्षेवर झाला नाही. तो झाला पदव्यांच्या बेरजेवर.

सीपीएचं लायसन्स हवं तर अमेरिकेच्या हिशेबाने साधारण १५० क्रेडिट (कॉलेजात किती शिकलात ते मोजायचं एकक) लागतात. बऱ्याच राज्यांत परीक्षेला बसण्यापुरते १२० चालतात. आपलं तीन वर्षांचं बी.कॉम. सहसा ९० धरतात आणि म्हणून एम.कॉम. जोडायचं. कागदावर हे सोपं दिसतं. तीन आणि दोन मिळून पाच वर्षं झाली की झालं काम! प्रत्यक्षात एम.कॉम.चे किती धरायचे हे अमेरिकेतलं राज्य आणि आपल्या पदवीचं मूल्यमापन करणारी संस्था यांवर ठरतं. तेच एम.कॉम. एकीकडे पुरतं, दुसरीकडे कमी पडतं. माझं कमी पडलं. उरलेले क्रेडिट ब्रिज कोर्स करून भरून काढा, असं सांगण्यात आलं आणि त्याची फी वेगळी.

त्याआधीची कागदांची कथा तर आपल्या भागातल्या माणसालाच कळेल. माझं बी.कॉम. कर्नाटकातलं, एम.कॉम. हद्दीपलीकडे महाराष्ट्रातलं. दहावीपासून माझं नाव आधी आणि पुढे वडिलांचं आद्याक्षर. एम.कॉम.च्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर तिसराच क्रम, आणि परीक्षेच्या प्रवेशपत्रावर पासपोर्टचंच नाव लागतं. हा एकच माणूस आहे हे पटवायला कोर्टाच्या आवारात जाऊन अॅफिडेव्हिट करावं लागलं. शिवाय दोन्ही विद्यापीठांतून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने प्रमाणित केलेला विषयवार गुणांचा उतारा) हवे होते. एका ठिकाणच्या खिडकीवर उत्तर मिळालं, “मार्कलिस्ट हाय न्हवं, मग आणि काय पायजे?” कारकुनालाही दोष देत नाही, असला अर्ज त्याने क्वचितच बघितला असेल. पण परीक्षेचा अभ्यास राहतो बाजूला आणि आपण झेरॉक्सच्या दुकानात उभे, हे काही माझ्या पचनी पडलं नाही.

सीएच्या बाबतीत हा प्रश्नच आला नाही. तिथे फाउंडेशन, इंटर आणि फायनल असे तीन टप्पे. वाणिज्य शाखेला ५५ टक्के असले की फाउंडेशनशिवाय थेट इंटरला नोंदणी होते आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही तात्पुरती करता येते. आठ महिन्यांचा अभ्यासकाळ, इंटरचे दोन्ही ग्रुप, मग आर्टिकलशिप. १ जुलै २०२३ च्या नव्या योजनेत ती तीनवरून दोन वर्षांवर आली. ती संपल्यावर सहा महिन्यांनी फायनल. माझ्या एम.कॉम.ला सीएने एका पेपरचीही सूट दिली नाही, हे खरं. मात्र बी.कॉम.ला ५५ हुकले असतील तर एम.कॉम.चे ५५ चालतात. तेवढ्यासाठी ते करणं मला शहाणपणाचं वाटतं.

नवीन मुलांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. कर्नाटकाने २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली, महाराष्ट्रात नव्या धोरणाप्रमाणे चार वर्षांच्या ऑनर्सची सोय आहे. सीपीएच्या मोजणीत चार वर्षांचं बी.कॉम. बहुधा १२० च्या जवळ जातं. म्हणजे चंदगड-गडहिंग्लजच्या मुलाला बेळगावच्या मुलापेक्षा ही वाट थोडी सोपी पडेल. ओहायो, व्हर्जिनिया अशा राज्यांनी २०२५ मध्ये कायदा करून १५० ला पर्याय दिला, पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव. पण तिथली पदवी चार वर्षांची, त्यामुळे आपल्या तीन वर्षांच्या बी.कॉम.ला एम.कॉम.चा टेकू लागेलच असं दिसतं.

कामाचं म्हणाल तर उद्यमबागच्या फाउंड्रीचा टॅक्स ऑडिट, निपाणीच्या तंबाखूवाल्याचा ऑडिट झालेला ताळेबंद किंवा मल्टिस्टेट सोसायटीचं ऑडिट, यांवर सही सीएचीच लागते. सीपीएची इथे चालत नाही. गावात राहून स्वतःचं ऑफिस थाटायचं असेल तर मला तरी फार विचार करण्यासारखं काही दिसत नाही. उलट तुम्ही पुण्यात किंवा बेंगळूरुत अमेरिकन टॅक्सचं काम करणाऱ्या कंपनीत असाल आणि लायसन्ससाठीच्या अनुभवाच्या फॉर्मवर सही करणारा लायसन्सधारक सीपीए वरिष्ठ म्हणून तिथेच असेल, तर सीपीए नक्की बघा. फक्त एम.कॉम.ला प्रवेश घ्यायच्या आधी बी.कॉम.चा ट्रान्सक्रिप्ट काढा, नाव पासपोर्टशी जुळवून घ्या आणि तुम्ही निवडलेल्या अमेरिकेतल्या राज्यात किती क्रेडिट धरले हे लेखी हातात येईपर्यंत क्लासची फी भरू नका.