कन्नड कागद मराठीत वाचणारं ॲप: आठ महिन्यांचा अनुभव

आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे. घरात, शेतात मराठी, पण सरकारी कागद येतो तो कन्नडमध्ये. मी शाळेत कन्नड शिकलो ते परीक्षेपुरतं, बाबांना तर कन्नड अक्षरओळखही नाही. नोटीस आली की ती घेऊन कुणाच्या तरी दारात जायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. आपल्या कर्जाचा आकडा आधी दुसऱ्यानं वाचायचा, हे त्यांना फार लागायचं. म्हणून आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या फोनवर कॅमेऱ्यानं भाषांतर करणारं ॲप घातलं.

छापील कागदाला ते खरंच चांगलं आहे. वीजबिल, घरपट्टी, रेशनची सूचना यांत किती भरायचं आणि कधीपर्यंत, हे लगेच कळतं. सोसायटीची एक नोटीस शेजाऱ्यानं वाचून दाखवली होती. त्यातलं ‘साल’ ऐकून बाबा वर्षच समजले. कन्नडमध्ये ‘साल’ म्हणजे कर्ज. ॲपनं तिथे ‘पीक कर्ज’ असं बरोबर दाखवलं.

खरी कसोटी उताऱ्याची. महाराष्ट्रात सातबारा, तशी इकडे पहाणी, म्हणजे आरटीसी. तिच्यात ‘फूट खराब’ असा रकाना असतो, आपला पोटखराबा. ॲपनं त्याचं ‘पाय खराब’ केलं. बाबा घाबरून मला शेतातून बोलवायला आले. पोटखराब्यात ‘अ’ म्हणजे लागवडीला न येणारी जमीन आणि ‘ब’ म्हणजे रस्ता, नाला अशी सार्वजनिक वापराची. हा फरक भाषांतरातून कळत नाही, तो माहीत असावा लागतो. क्षेत्राचंही तसंच. १.२४.०० असं छापलेलं असतं ते एकर, गुंठे, आणे. म्हणजे १ एकर २४ गुंठे, आणि ४० गुंठ्यांचा एकर धरला तर १.६ एकर. टिंब बघून सव्वा एकर समजू नका. नावं तर हमखास बिघडतात, आमचं आडनाव दर वेळी वेगळं येतं. खरेदी, वाटणी, फेरफार यांसाठी या भाषांतरावर एक रुपयाचाही व्यवहार करू नये. तलाठ्याकडून किंवा वकिलाकडून वाचून घ्यावं.

हाताने लिहिलेला शेरा त्याला वाचता येत नाही. माईकवर पुस्तकी कन्नड कळतं, पण आपल्याकडच्या धारवाडी वळणाच्या बोलण्याला ते अडखळतं. बँकेचा मेसेज फोटो काढून देण्यापेक्षा कॉपी करून चिकटवा, खूप फरक पडतो. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २००० रुपये जमा झाले की नाही, ते आई आता तसंच बघते.

पावसाळ्यात लाईट गेली की थोड्या वेळानं रेंजही जाते. त्यामुळे ऑफिसात कागद मिळाला की उजेडात, सपाट ठेवून फोटो काढायचा आणि रेंजमध्ये आल्यावर ॲपमध्ये उघडायचा. आधार नंबरावर बोट ठेवून फोटो काढायची सवय मी बाबांना लावली आहे.

बाबांनी एक वही केली आहे. ॲपमध्ये जो शब्द कळला तो कन्नड अक्षरात बघून बघून काढतात आणि पुढे मराठीत अर्थ लिहितात. ‘ओट्टू’ म्हणजे एकूण, ‘विस्तीर्ण’ म्हणजे क्षेत्र, ‘कोनेय दिनांक’ म्हणजे शेवटची तारीख. परवा घरपट्टीची पावती आली तेव्हा ‘ओट्टू’वर बोट ठेवून आकडा त्यांनीच सांगितला, फोन चार्जिंगला होता.