छपरावरची सौर वीज : गुहागर तालुक्यातील एका स्थानिक सेवेचा वर्षभराचा अनुभव
आमचे घर जांभ्याचे आणि कौलारू आहे. स्वयंपाकघरामागे मात्र स्लॅब आहे, आणि गेल्या वर्षी आगोटीपूर्वी जिल्ह्यातील एका छोट्या कंत्राटदाराकडून आम्ही तिच्यावर ३ किलोवॅटची सौर यंत्रणा बसवून घेतली. ही सेवा घ्यावी का, असे गावातील अनेक जण विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत चांगले काम सांगाड्याचे झाले. खाऱ्या वाऱ्यात लोखंड किती टिकते, हे इथल्या प्रत्येक घराच्या खिडकीचे गज सांगतात. कंत्राटदाराने नुसते रंगवलेले लोखंड न वापरता जस्ताचा जाड मुलामा दिलेला सांगाडा घेतला, नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे वापरले आणि २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडे पत्रे कसे उडाले हे ध्यानात ठेवून प्रत्येक पायाभोवती काँक्रीटचा ठोकळा ओतला. पावसाळ्यात स्लॅब कुठेही गळली नाही.

माहिती देण्यात मात्र तो कमी पडला. वीज गेली की बॅटरी नसलेली यंत्रणा भर उन्हातही बंद होते, कारण घरची वीज वाहिनीत शिरली तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका असतो. हे आम्हाला पहिल्या वादळी रात्रीनंतरच्या सकाळी कळले. वाहिनीतून घेतलेली आणि वाहिनीला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या नेट मीटरची कागदपत्रे त्याने अपुरी भरली, त्यात दीड महिना गेला. पंतप्रधान सूर्यघर योजनेचे ७८,००० रुपयांचे अनुदान पुढे मिळाले. उन्हाळ्यात दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज होते, आषाढात ती फारच घटते.

ही यंत्रणा घेण्यामागे बिल हे एकच कारण नव्हते. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचे आवाहन ठरावात आले, आणि २०३० पर्यंत जगाची अक्षय ऊर्जाक्षमता तिप्पट करण्याचेही. त्याआधी २०२१ मध्ये ग्लासगोला कोळसा ‘बंद करणे’ हे शब्द भारताच्या आग्रहावरून ‘कमी करत जाणे’ असे बदलले गेले, याचे मला वाईट वाटले होते. आज त्यामागची अडचण अधिक समजते, कारण सूर्य मावळला की आमचा पंखा त्याच वाहिनीवर चालतो, जिला शास्त्री खाडीपलीकडच्या जयगडचे १२०० मेगावॅटचे कोळशावरचे केंद्रही वीज पुरवते. तरीही वानुआतूसारखे समुद्राने वेढलेले छोटे राष्ट्र जीवाश्म इंधनांविरुद्ध जागतिक कराराची मागणी करते आणि स्वतः कोळसा निर्यात करणारा कोलंबिया २०२३ मध्ये तिला पाठिंबा देतो, तेव्हा ते धाडस मला अधिक मोलाचे वाटते. उधाणाचे पाणी माडांच्या मुळाशी येताना पाहणाऱ्या माणसाला त्यांची घाई समजावून सांगावी लागत नाही.

म्हणूनच कंत्राटदाराने विक्रीनंतर फिरवलेली पाठ मला खुपते. गणपतीनंतर पॅनेलवरचे शेवाळ आणि पक्ष्यांची घाण धुण्यासाठी तो तीन वेळा बोलावूनही आला नाही, आणि शेजारच्या दोन घरांनी तेवढ्यावरूनच आपला विचार सोडला. काम मजबूत असल्याने मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. बॅटरीसाठी याच माणसाला सांगणार आहे, पण वर्षातून दोन भेटी आणि नेट मीटरच्या कागदांची मुदत करारात लिहून घेतल्यावरच आगाऊ रक्कम देईन.