दोन शहरांमधलं अंतर सांगणारी साईट: किलोमीटर चोख, वेळ अंदाजपंचे

दोन शहरांची नावं टाकली की विमानाचं अंतर, रस्त्याचं अंतर आणि दोन्हीला लागणारा वेळ दाखवणाऱ्या फुकट साईट्स असतात ना, त्यातलीच एक मी बरेच दिवस वापरतेय. पाचपैकी दोन स्टार, आणि ते दोन्ही हवाई किलोमीटरसाठी.

ते गणित खरंच चांगलंय. अक्षांश-रेखांश घेऊन गोलावरची सगळ्यात जवळची वाट मोजतात, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी धरून. पृथ्वी ध्रुवांकडे जराशी चपटी असल्यामुळे फार तर अर्धा टक्का इकडेतिकडे, त्याने कोणाचं काय अडतंय. आणि एकाच नावाची शहरं असली तर देश विचारते हे आवडलं, लंडन कॅनडातही आहे.

पण वेळ! न्यूयॉर्क ते लंडन टाका, साधारण ५५७० किमी, वेळ ६ तास ११ मिनिटं. आता उलटं टाका, परत ६ तास ११ मिनिटं. म्हणजे सरळ ९०० ने भागून मोकळे झाले. अहो वर जेट स्ट्रीम वाहतो पश्चिमेकडून पूर्वेकडे, लंडनला जाताना वारा पाठीशी आणि येताना तोंडावर, त्यामुळे परतीच्या फ्लाईटला तासभर तरी जास्त लागतो, हे कुठल्याही एअरलाईनच्या टाईमटेबलमध्ये दिसतं. आणि ३०० किमीला म्हणे २० मिनिटं, इतक्यात विमान नीट वर चढून खालीसुद्धा येत नाही, रनवेपर्यंत रांगत जाणं तर सोडूनच द्या.

रस्त्याचा भाग मात्र नुसता विनोद आहे. हवाई अंतराला १.३ ने गुणलंय बहुतेक, कारण ब्युनोस आयर्स ते मॉन्टेव्हिडिओ टाकलं तर २६० च्या आसपास किमी दाखवते. मध्ये रिओ दे ला प्लाताचं अवाढव्य मुख आहे, पूल नाही, गाडीने वर जाऊन वळसा घालून यायचं तर ५०० च्या बराच वर आकडा जातो. किन्शासा आणि ब्राझाव्हिल तर काँगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर बसलेल्या राजधान्या, मध्ये पूलच नाही, बोटीने जायचं, आणि ही साईट खुशाल गाडीने दहा मिनिटं सांगते. पनामा सिटी ते बोगोटालाही छान ड्रायव्हिंग टाईम आहे, वाटेत डॅरिएन गॅपचं जवळजवळ १०० किमी रस्ताच नसलेलं जंगल आहे ते गेलं कुठे कोण जाणे.

शेवटी हिरव्या पट्टीत 'विमानाने इतके तास वाचतील' असं येतं ते तर अजिबात धरू नका. एअरपोर्टला पोचायचा वेळ, आधी दीड-दोन तास हजेरी, उतरल्यावर बॅगेची वाट, परत शहरात जाणं यातलं काहीच त्यात नाही. नारिता एअरपोर्ट टोकियोच्या मध्यापासून साठेक किमी लांब आहे, तेच धरा की. तीन-चारशे किमीला आणि रस्ता चांगला असेल तर गाडी कितीदा तरी बरोबरीला येते.

रस्त्यासाठी नेव्हिगेशन ॲप आणि विमानासाठी तिकिटावर छापलेला वेळ बघा, तो गेट ते गेट असतो. अशी दुसरी कुठली साईट सापडली तर आधी तीच दोन लांबची शहरं उलटसुलट टाकून बघा, मिनिटं सेम आली की टॅब बंद.